‘डिपेन्ड्स अपॉन पर्सन टू पर्सन’ सोडा: ‘व्हेअरीज फ्रॉम पर्सन टू पर्सन’ नीट कसं वापरायचं

इंटरव्ह्यू असो, क्लायंटचा कॉल असो नाहीतर परदेशी पेशंटशी बोलायची वेळ असो, आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, इट्स डिपेन्ड्स अपॉन पर्सन टू पर्सन." समोरच्याला अर्थ कळतो, काम भागतं, म्हणून कोणी टोकतही नाही, आणि मग तेच वाक्य मेलमध्ये, परीक्षेत, रिपोर्टमध्ये उतरतं आणि तिथे मात्र ते लगेच खटकतं. मी संध्याकाळच्या बॅचेसना इंग्लिश बोलायला शिकवते, नर्सिंगच्या मुली, आयटीवाले, दुकानदार, निवृत्त झालेले काका-काकू असे सगळे असतात, आणि या एका वाक्यावर जेवढा वेळ जातो तेवढा दुसऱ्या कशावर जात नाही. जातो ते बरंच आहे कारण हे वाक्य रोजचं आहे. पगार, औषधं, भाव, पाऊस, नियम, चव, काहीही घ्या, कुठे ना कुठे "ते सगळीकडे सारखं नसतं हो" असं म्हणावंच लागतं.

म्हणून एकदा नीट बसून हे पक्कं करून टाकू.

आधी मराठीत ठरवा की नक्की काय म्हणायचंय

गोंधळ इंग्लिशमध्ये होतो असं वाटतं पण सुरुवात त्याच्या आधीच झालेली असते. आपल्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हीला आपण घाईत एकच इंग्लिश वाक्य लावतो.

पहिली गोष्ट, एखादी गोष्ट कशावर तरी अवलंबून आहे. "ते मॅनेजरवर आहे", "पावसावर आहे सगळं." इथे ‘डिपेन्ड्स ऑन’.

दुसरी, तीच गोष्ट माणसागणिक, गावागणिक, घरागणिक वेगळी असते. जुन्या पुस्तकी मराठीत व्यक्तीपरत्वे, स्थलपरत्वे म्हणतात, बोलताना ‘ज्याचं त्याचं वेगळं’ म्हणतो, आणि दर बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण तर सगळ्यांना पाठ आहे. इथे ‘व्हेअरीज फ्रॉम अमुक टू अमुक’.

तिसरी, गोष्ट काल एक होती आणि आज दुसरी झाली. इथे ‘चेंज’.

दुसरी आणि तिसरी मराठीत सहज मिसळतात कारण आपण दोन्हीला ‘बदलतं’ म्हणतो. पेट्रोलचं उदाहरण घ्या, ते सगळ्यात चांगलं बसतं. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोजच्या रोज ठरवायची पद्धत आली, म्हणजे एकाच पंपावर आजचा दर आणि उद्याचा दर वेगळा असू शकतो. हे झालं ‘चेंज’: "द प्राइस कॅन चेंज एव्हरी डे." पण पेट्रोल जीएसटीमध्ये नाही, प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावतं, त्यामुळे एकाच दिवशी महाराष्ट्रात एक दर आणि शेजारच्या गोव्यात दुसरा. हे झालं ‘व्हेअरी’: "द प्राइस व्हेअरीज फ्रॉम स्टेट टू स्टेट." एकाच गोष्टीबद्दल दोन वेगळी वाक्यं आणि दोन्ही बरोबर, फक्त सांगताय काय ते वेगळं. एकाच वेळी दोन-चार ठिकाणं शेजारी ठेवून बघत असाल तर ‘व्हेअरी’, एकच ठिकाण धरून काल-आज बघत असाल तर ‘चेंज’. (याला एक पळवाट आहे, "फ्रॉम डे टू डे", "फ्रॉम इयर टू इयर" असं म्हटलं की काळाचे तुकडेसुद्धा शेजारी शेजारी मांडता येतात, म्हणून "रेनफॉल व्हेअरीज फ्रॉम इयर टू इयर" एकदम बरोबर आहे.)

वाक्याचा सांगाडा

जी गोष्ट वेगळी असते ती आधी, मग ‘व्हेअरीज’, मग ‘फ्रॉम’, मग एक नाम, मग ‘टू’, आणि परत तेच नाम. "द सिलॅबस व्हेअरीज फ्रॉम बोर्ड टू बोर्ड." बस एवढंच. आता यातली प्रत्येक जागा बघू कारण चुका जागेवरच होतात.

नाम एकवचनीच हवं. ‘फ्रॉम बोर्ड्स टू बोर्ड्स’ नाही, ‘फ्रॉम स्टेट्स टू स्टेट्स’ नाही. आणि ‘फ्रॉम पीपल टू पीपल’ तर अजिबात नाही, ही चूक खूप जण करतात कारण ‘लोकांलोकांत फरक असतो’ हे डोक्यात असतं आणि लोक म्हणजे पीपल. इथे ‘पर्सन’च लागतो. आपण मराठीत ‘माणसागणिक’ म्हणताना एकच माणूस धरतो ना, ‘माणसांगणिक’ म्हणत नाही, तसंच हे.

नामाच्या आधी ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ काही लावायचं नाही. ‘फ्रॉम अ पर्सन टू अ पर्सन’ चुकीचं, ‘फ्रॉम द शॉप टू द शॉप’ म्हटलं तर तुम्ही एका दुकानातून निघून त्याच दुकानात परत गेलात असं काहीतरी वाटेल. नाम उघडं, एकटं.

‘फ्रॉम’ गाळायचं नाही. "इट व्हेअरीज पर्सन टू पर्सन" असं अमेरिकन लोकही बोलताना कधीकधी म्हणून जातात पण लिहिताना ‘फ्रॉम’ ठेवाच.

नाम मोजता येईल असं हवं. तांदूळ, पाणी, दूध, माहिती यांचं ‘फ्रॉम राइस टू राइस’ होत नाही. तिथे दुसरा सांगाडा वापरा, तो याचाच भाऊ आहे: ‘फ्रॉम वन अमुक टू अनदर’. "कुकिंग टाइम व्हेअरीज फ्रॉम वन व्हरायटी ऑफ राइस टू अनदर." आंबेमोहोर आणि बासमतीला पाणी-वेळ वेगळी लागते हे सांगायला असंच म्हणावं लागेल. आणि नाम लांबलचक असेल तेव्हाही हाच बरा, ‘फ्रॉम गव्हर्मेंट ऑफिस टू गव्हर्मेंट ऑफिस’ म्हणताना जीभ दमते, त्यापेक्षा ‘फ्रॉम वन गव्हर्मेंट ऑफिस टू अनदर’.

‘डिपेन्ड्स’ची गाठ सोडवा

आता मूळ दुखणं. ‘डिपेन्ड्स ऑन’ला टांगायला एक खुंटी लागते, म्हणजे एक ठोस गोष्ट जिच्यावर सगळं अवलंबून आहे: मॅनेजर, वय, हवामान, तुमचं बजेट. ‘पर्सन टू पर्सन’ ही अशी गोष्ट नाहीये, तो फरक दाखवायचा प्रकार आहे, म्हणून त्याच्यावर काही टांगता येत नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक, "इट डिपेन्ड्स ऑन द पर्सन." दोन, "इट व्हेअरीज फ्रॉम पर्सन टू पर्सन." दोन्हीतलं कुठलंही घ्या पण अर्धं याचं अर्धं त्याचं घेऊ नका.

आणि ते ‘इट्स डिपेन्ड’ किंवा ‘इट इज डिपेन्ड’ येतं कुठून? आपल्या ‘अवलंबून आहे’ मधल्या ‘आहे’तून. ‘आहे’ दिसलं की हात आपोआप ‘इज’कडे जातो. पण इंग्लिशमध्ये ‘डिपेन्ड’ हेच क्रियापद आहे, त्याला ‘इज’चा टेकू नको. "इट डिपेन्ड्स." इथेच वाक्य पूर्ण होतं, पुढे काही नसलं तरी चालतं, आणि नुसतं "इट डिपेन्ड्स" हे तर नेटिव्ह लोक दिवसातून कितीदा म्हणतात. तसंच ‘बदलत असतं’ वरून ‘इट इज व्हेअरिंग फ्रॉम पर्सन टू पर्सन’ येतं. नेहमीची, कायमची गोष्ट सांगताना साधा वर्तमानकाळ, ‘इट व्हेअरीज’. ते ‘इंग’ सोडून द्या.

‘डिपेन्ड्स ऑन’ आणि ‘डिपेन्ड्स अपॉन’ मध्ये अर्थाचा फरक नाही, ‘अपॉन’ जरा जड आणि लिखित वाटतं. बोलताना ‘ऑन’.

क्रियापद आणि उच्चार

एक गोष्ट असेल तर ‘व्हेअरीज’, अनेक असतील तर ‘व्हेअरी’. "द फी व्हेअरीज", "फीज व्हेअरी". नकार आणि प्रश्नात ‘डज’ आलं की पुढचा ‘एस’ जातो: "इट डझन्ट व्हेअरी मच फ्रॉम ब्रँच टू ब्रँच", "डज इट व्हेअरी फ्रॉम ब्रँच टू ब्रँच?" ‘डझन्ट व्हेअरीज’ ही चूक लिहिताना पटकन होते, मेल पाठवायच्या आधी एकदा नजर टाका. भूतकाळात ‘व्हेअरीड’. स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, ‘व्हेअरीज’ला आय-ई-एस आणि ‘व्हेअरीड’ला आय-ई-डी.

उच्चाराचं सांगते. ‘व्हरायटी’मध्ये ‘राय’ ऐकू येतं म्हणून बरेच जण ‘व्हराईज’ म्हणतात. तसं नाही. ‘व्हेअर’ म्हणा आणि पुढे ‘ई’ लावा. ब्रिटिश बोलण्यात ‘खूप’वालं ‘व्हेरी’ आखूड आणि हे ‘व्हेअरी’ लांब, बऱ्याच अमेरिकन लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही अगदी सारखी ऐकू येतात, त्यामुळे अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर "प्राइसेस व्हेरी" ऐकलं तर पुढे "व्हेरी हाय" येईल म्हणून वाट बघू नका, वाक्य झालेलं असतं. बोलताना जोर दोन्ही नामांवर, ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ हलके. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’वर ठसका देऊन नाही, तर ‘फ्रम् पर्सन ट पर्सन’ असं एका दमात.

किती फरक आहे हे सांगायचं असेल तर तो शब्द ‘व्हेअरीज’ आणि ‘फ्रॉम’च्या मध्ये: ‘व्हेअरीज स्लाइटली फ्रॉम’, ‘व्हेअरीज अ लॉट फ्रॉम’, ‘व्हेअरीज वाइडली फ्रॉम’. सातारा जिल्हा घ्या, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. तिथे नुसतं ‘व्हेअरीज’ म्हणणं म्हणजे सत्य अर्धं सांगणं. "इन सातारा, रेनफॉल व्हेअरीज वाइडली फ्रॉम तालुका टू तालुका." हे बरोबर वजनाचं झालं.

‘फ्रॉम-टू’ सोडून बाकीचे जोडीदार

‘व्हेअरी’पुढे नेहमी ‘फ्रॉम-टू’च येतं असं नाही. पटकन बघून घेऊ.

‘व्हेअरी विथ’ म्हणजे एक गोष्ट सरकली की दुसरी तिच्याबरोबर सरकते. "द डोस व्हेअरीज विथ एज." ‘व्हेअरी बाय’ म्हणजे अमुकनिहाय. "रूल्स व्हेअरी बाय स्टेट." आपण सरकारी मराठीत जिल्हानिहाय, राज्यनिहाय म्हणतो ना, तेच. आणि इथे एक सांगून ठेवते, ‘डिस्ट्रिक्टवाइज लिस्ट’ हे भारतात सर्रास चालतं आणि आपल्या ऑफिसात खुशाल वापरा, पण बाहेरच्या क्लायंटला पाठवताना ‘लिस्ट बाय डिस्ट्रिक्ट’ लिहिलेलं जास्त सहज वाचलं जातं. ‘व्हेअरी इन’ म्हणजे कुठल्या बाबतीत: "मँगोज व्हेअरी इन साइझ."

आकडे आले की जपा. ‘व्हेअरीज फ्रॉम ४० टू ६० रुपीज’ किंवा ‘व्हेअरीज बिटवीन ४० अँड ६०’, पण ‘बिटवीन ४० टू ६०’ नाही. ‘बिटवीन’चा जोडीदार ‘अँड’. ही चूक तर पेपरातल्या जाहिरातींमध्येसुद्धा दिसते. आणि नुसता पट्टा सांगायचा असेल, कमीत कमी एवढं जास्तीत जास्त तेवढं, तर ‘रेंज’ हे क्रियापद जास्त नेमकं: "प्राइसेस रेंज फ्रॉम ४० टू ६० रुपीज." लक्षात घ्या, दोन टोकं वेगळी असली की पट्टा, दोन्हीकडे तेच नाम असलं की केसगणिक फरक.

‘डिफर’ही चालतं, "कस्टम्स डिफर फ्रॉम व्हिलेज टू व्हिलेज". फक्त ‘डिफर फ्रॉम’चा एक स्वतःचा अर्थ आहे, ‘च्यापेक्षा वेगळं असणं’, "मालवणी डिफर्स फ्रॉम वऱ्हाडी", त्यामुळे ऐकणारा क्षणभर अडखळू शकतो. नवीन शिकताय तर ‘व्हेअरी’च धरा.

सगळ्यात महत्त्वाचं: एवढं म्हणून गप्प बसायचं नाही

व्याकरण एक वेळ चुकलं तरी चालेल, पण इथे चुकू नका असं मी मनापासून सांगते. "इट व्हेअरीज फ्रॉम पर्सन टू पर्सन" एवढं म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सगळं वेगळं असतं हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तर त्याने विचारलं. त्याला हवं असतं: साधारणपणे काय, फरक कशामुळे पडतो, आणि माझं काय. म्हणून या वाक्यामागे तीन गोष्टी जोडायची सवय लावा. नेहमीचं चित्र, फरकाचं कारण, आणि समोरच्याच्या केससाठी काहीतरी.

समजा तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात आणि गुडघा बदललेल्या पेशंटचा परदेशातला मुलगा फोनवर विचारतोय, "व्हेन विल शी वॉक नॉर्मली?" तुम्ही म्हणालात "इट व्हेअरीज फ्रॉम पेशंट टू पेशंट" आणि थांबलात. तिकडे तो माणूस फोन धरून बसलाय, आईची काळजी आहे, त्याला हे टाळलेलं उत्तर वाटणार. आता पुढे नेऊ: "मोस्ट पीपल स्टार्ट वॉकिंग विथ अ वॉकर विदिन अ डे ऑर टू, अँड मेनी कॅन वॉक विदाउट सपोर्ट इन अबाउट सिक्स वीक्स." हे झालं नेहमीचं चित्र. "इट डिपेन्ड्स ऑन हर वेट, हर मसल स्ट्रेंग्थ अँड हाउ रेग्युलरली शी डज द एक्सरसाइझेस." हे कारण, आणि बघा इथे ‘डिपेन्ड्स ऑन’ला तीन ठोस खुंट्या मिळाल्या, दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बसली. "युअर मदर इज डूइंग हर एक्सरसाइझेस वेल, सो आय एक्स्पेक्ट स्टेडी प्रोग्रेस." ही त्याच्या आईची गोष्ट. चार वाक्यं, पण तो माणूस शांत झोपेल.

ऑफिसचं बघू. पुण्यातून दिल्लीला बदली होणाऱ्या एका एम्प्लॉयीने एचआरला मेल केलाय की माझ्या पगारातून प्रोफेशनल टॅक्स किती कापला जाईल. एचआरमधली व्यक्ती लिहिते, "प्रोफेशनल टॅक्स व्हेअरीज फ्रॉम स्टेट टू स्टेट, काइंडली चेक." हे उत्तर नाही, हे काम त्याच्यावरच ढकलणं झालं. असं लिहा: "प्रोफेशनल टॅक्स व्हेअरीज फ्रॉम स्टेट टू स्टेट. इन महाराष्ट्रा यू वेअर पेइंग २०० रुपीज अ मंथ अँड ३०० इन फेब्रुअरी. डेल्ही डझ नॉट लेव्ही धिस टॅक्स, सो देअर विल बी नो डिडक्शन आफ्टर युअर ट्रान्सफर." महाराष्ट्राचे हे आकडे वर्षाला बरोबर २५०० होतात, ११ महिने २०० आणि एक महिना ३००, आणि २५०० ही राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये घातलेली कमाल मर्यादा आहे. पहिलं वाक्य तेच आहे पण पुढच्या दोन वाक्यांनी त्याला अर्थ आला, आणि त्या माणसाला परत मेल करावा लागणार नाही.

आता आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिकायला-राहायला जाताना द्यावी लागणारी इंग्लिशची परीक्षा, देणाऱ्यांसाठी. स्पीकिंगचे ११ ते १४ मिनिटांत तीन भाग असतात आणि तिसऱ्या भागात सर्वसाधारण प्रश्न येतात, लोकांना एकटं खायला आवडतं का, म्हातारी माणसं मोबाईल वापरतात का असे. इथे "वेल, इट व्हेअरीज फ्रॉम पर्सन टू पर्सन" ही चांगली सुरुवात आहे, कारण विचार करायला दोन सेकंद मिळतात आणि एकदम टोकाचं मतही दिलं जात नाही. पण परीक्षक नुसतं हे वाक्य ऐकून मार्क देत नाही. लगेच दोन बाजू ठेवा: "माय ग्रँडमदर, फॉर इन्स्टन्स, ओन्ली यूजेस हर फोन टू रिसीव्ह कॉल्स, व्हेअरअॅज माय अंकल, हू इज ऑल्सो ओव्हर सेव्हन्टी, डज ऑल हिज बँकिंग ऑन इट." ‘व्हेअरअॅज’ किंवा ‘व्हाइल’ने दोन केसेस जोडायच्या आणि मग कारण: "आय थिंक इट डिपेन्ड्स ऑन व्हेदर देअर इज समवन अॅट होम टू टीच देम." ‘डिपेन्ड्स ऑन व्हेदर’ हा तुकडा पाठच करून टाका, फार उपयोगी आहे. आणि एका मुलाखतीत ‘व्हेअरीज फ्रॉम पर्सन टू पर्सन’ एकदाच. प्रत्येक प्रश्नाला तेच आलं की पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं.

कधीकधी काय सारखं आहे हे आधी सांगितलं की फरक जास्त उठून दिसतो. क्रिकेटमध्ये खेळपट्टी सगळीकडे २२ यार्डांची, पण बाउंड्री किती लांब ते मैदानागणिक वेगळं. "द पिच इज ट्वेन्टी-टू यार्ड्स लाँग एव्हरीव्हेअर, बट द डिस्टन्स टू द बाउंड्री व्हेअरीज फ्रॉम ग्राउंड टू ग्राउंड." ‘सेम एव्हरीव्हेअर, बट’ ही बांधणी प्रेझेंटेशनमध्ये वापरून बघा, प्रॉडक्ट तोच पण इन्स्टॉलेशनचा खर्च शहरागणिक वेगळा, असं काही सांगायला मस्त बसते.

दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे

‘फ्रॉम टाइम टू टाइम’ म्हणजे वेळेगणिक फरक नाही, तो अर्थ आहे ‘अधूनमधून’. "आय व्हिजिट माय व्हिलेज फ्रॉम टाइम टू टाइम." ‘डे-टू-डे’ नामाच्या आधी आलं की ‘रोजचं’, डे-टू-डे वर्क. ‘डोअर टू डोअर’ म्हणजे घरोघरी फिरणं.

आणि ‘केस-बाय-केस’. हे नीट समजून घ्या कारण ऑफिसात नेहमी लागतं. "रिझल्ट्स व्हेअरी फ्रॉम केस टू केस" म्हणजे निकाल प्रकरणागणिक वेगळा असतो, ही नुसती माहिती झाली. "वी डिसाइड ऑन अ केस-बाय-केस बेसिस" म्हणजे आम्ही सरसकट नियम लावत नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून निर्णय घेतो, ही आमची पद्धत झाली. फी माफी, वर्क फ्रॉम होम, उशिरा आलेला अर्ज, अशा ठिकाणी दुसरं वाक्य लागतं. ‘बेसिस’च्या आधी तीन शब्द छोट्या रेघांनी जोडायचे.

‘युअर मायलेज मे व्हेअरी’

मोबाईलच्या रिव्ह्यूखाली, कुठल्याशा रेसिपीखाली चार अक्षरं दिसतात, वाय-एम-एम-व्ही, आणि लोक विचारतात हे काय. पूर्ण वाक्य ‘युअर मायलेज मे व्हेअरी’. मूळ गाड्यांचंच. अमेरिकेत १९७० च्या दशकात सरकारी चाचणीतले मायलेजचे आकडे गाड्यांवर आणि जाहिरातींत यायला लागले आणि सोबत इशारा यायचा की तुमच्या हातात गाडी याच आकड्याएवढी चालेल असं नाही. आपल्याला हे समजायला अजिबात अवघड नाही, पुण्यात कोथरूडला एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, तिथल्या चाचणीचा आकडा शोरूममध्ये सांगतात, आणि तीच गाडी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की तेवढं अॅव्हरेज देत नाही. लॅबमधला रोलर आणि रस्ता यात फरक असणारच.

तिथून तो वाक्प्रचार झाला. आता अर्थ एवढाच: माझा अनुभव असा, तुमचा वेगळा असू शकतो. वापरायची जागा म्हणजे स्वतःचा अनुभव सांगून झाल्यावर शेवटी. "धिस ऑइल वर्क्ड फॉर माय हेअर, बट युअर मायलेज मे व्हेअरी." नेहमी ‘युअर’च, ‘माय मायलेज मे व्हेअरी’ होत नाही कारण स्वतःचं तर तुम्हाला कळलेलंच असतं. आणि हा घरगुती, मित्रामित्रांतला सूर आहे. ऑफिशियल मेलमध्ये, पेशंटच्या नातेवाइकांना, कोर्टाच्या कागदात हे चालणार नाही, तिथे ‘रिझल्ट्स मे व्हेअरी’. औषधाचा सल्ला देऊन खाली हे चिकटवणं मला तर अजिबात पटत नाही, औषध डॉक्टरांनाच विचारायचं.

क्रिकेट कॉमेंट्रीत ‘हॉर्सेस फॉर कोर्सेस’ ऐकता ते याच घरातलं, जशी पिच तशी टीम. पण ते निवडीबद्दल आहे, फरकाच्या माहितीबद्दल नाही.

आता हात चालवा

खालची मराठी वाक्यं आधी स्वतः करा, मग पुढचं वाचा. काही मुद्दाम फसवी आहेत.

"सुट्टी मिळेल की नाही ते मॅनेजरवर आहे." खुंटी एकच, ठोस. "इट डिपेन्ड्स ऑन द मॅनेजर."

"आमच्याकडे अधूनमधून लाइट जाते." इथे ‘व्हेअरी’चा काही संबंध नाही. "वी हॅव पॉवर कट्स फ्रॉम टाइम टू टाइम."

"कांद्याचा भाव काल वाढला." केसगणिक फरक नाही, भाव वर गेला. "ओनियन प्राइसेस वेन्ट अप यस्टरडे." पण "कांद्याचा भाव लासलगावला एक, सोलापूरला दुसरा" म्हटलं की "ओनियन प्राइसेस व्हेअरी फ्रॉम मार्केट टू मार्केट." ‘प्राइसेस’ अनेक म्हणून ‘व्हेअरी’.

"गोडा मसाला प्रत्येक घरात वेगळा." मसाला मोजता येत नाही पण घर मोजता येतं, आणि ‘फ्रॉम-टू’मध्ये घरच येणार आहे, म्हणून अडचण नाही. "गोडा मसाला व्हेअरीज फ्रॉम हाउसहोल्ड टू हाउसहोल्ड." मागे शेपूट जोडा: "सम यूज मोअर कोकोनट, अदर्स मोअर सेसमी."

"उशिरा आलेल्या अर्जांचं आम्ही प्रत्येकाचं वेगळं बघतो." पद्धत सांगताय. "वी कन्सिडर लेट अॅप्लिकेशन्स ऑन अ केस-बाय-केस बेसिस."

शेवटचं जरा मोठं घ्या, परदेशातल्या कलीगने विचारलंय की तुमच्याकडे गणपती किती दिवस असतो. इथे ‘डेज व्हेअरी’ म्हणायचा मोह होईल पण वेगळी असते ती दिवसांची संख्या, आणि संख्या एक म्हणून ‘व्हेअरीज’: "द नंबर ऑफ डेज व्हेअरीज फ्रॉम फॅमिली टू फॅमिली. सम कीप द आयडल फॉर अ डे अँड अ हाफ, अदर्स फॉर फाइव्ह, सेव्हन ऑर टेन डेज. इट युज्वली डिपेन्ड्स ऑन द फॅमिली ट्रॅडिशन." आणि मग आपल्या घरी किती दिवसांचा ते सांगा, कारण त्याने खरं तर तेच विचारलं होतं.